बाणी

अरबीत 'प' नाही.
म्हणून सय्यद माजिदसाठी मी पटवेकर नाही, बत्वेकर,
आणि मोत्याचं पाणी म्हणजे बाणी.
बाकी त्याचं काही चुकत नसे.
निदान एकोणीस वर्षं मी तसं धरून चालले.

मुहर्रकच्या गल्लीत, उत्तरेच्या खिडकीपाशी,
सकाळी नऊ ते साडेदहा
(त्यानंतरचा उजेड खोटं बोलतो, असं तो म्हणे)
लाल कापडावर मोती ओतायचे.
गावी नथीसाठी ज्यांना बसरा म्हणतात ते हेच,
बसऱ्यात कधी न जन्मलेले.
पितळी चाळण्या माप सांगायच्या,
रंग तो सांगायचा,
मी रेशीम ओवायचे:
आमच्या घराण्याचं कामच ते,
दुसऱ्यांच्या गळ्यासाठी गाठी.

सायीच्या रंगाचे इकडे.
गव्हाळ त्यांच्या शेजारी.
हळदीचं बोट लागल्यासारखे, ते लांब.
आणि डाव्या हाताच्या शिसवी डबीत
फक्त सोनेरी.
"सोनेरी म्हणजे पिवळा नव्हे, बत्वेकर.
पिवळा वर बसतो.
सोनेरी आतून येतो."

एकदा कुणी दुबईहून माळ आणली,
गडद, दाणा न् दाणा एकसारखा,
हलवायाच्या ताटातल्या बुंदीसारखा.
त्यानं भोकाशी भिंग धरलं.
काठावर रंग साचला होता,
कपाच्या तळाशी चहा साचतो तसा.
माळ परत.
चहा मात्र पाजला.

या मार्चमध्ये त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं.
आमच्या भाषेतलं आजाराचं नाव सांगितलं
तेव्हा तो इतका हसला की डोक्यावरचा रुमाल घसरला.
मोती-बिंदू.
"म्हणजे इतकी वर्षं मीच शिंपला?"

पट्टी काढली मारिसेलनं.
पालावानची नर्स, कानांत तिकडचेच दोन मोती,
शेतीतले, टपोरे,
या बेटावर ज्यांना विकायची बंदी आहे,
घालायची नाही.
ती वाकली. तो बघतच राहिला.
रंग भरपूर, पाणी निवांत,
घट्ट तुपामागे कुणी दिवा धरावा तसं.
त्यात तिचा चेहरा नव्हता, खिडकी नव्हती,
नुसतं सोनं, झोपेत असल्यासारखं.
"हा सोनेरी," तो म्हणाला
आणि गाडीत बसेपर्यंत काही बोलला नाही.

सोमवारी, नऊ वाजता, डबी उघडली.
लाल कापडावर एकशे बारा.
मला नेहमी दिसायचे तसेच दिसले:
सायीचे. थोडे गव्हाळ.
चार-पाच, फार तर, पिकू लागलेल्या केळ्याच्या वळणाचे.
मी कधी बोलले नव्हते.
मला वाटायचं, डोळा माझाच कच्चा.

"कधीपासून?"
मी रेशमाचा पीळ उलगडत राहिले.
"सहा-सात वर्षं असतील."

खाली इराण्याच्या भट्टीत भाकरी थापटल्याचा आवाज.
त्यानं एक मोती उचलला, फिरवला,
त्यात खिडकी शोधली.
होती. चौकटीसकट, गजांसकट,
समोरच्या गच्चीवरच्या टाकीसकट.
दुसऱ्यातही. चाळिसाव्यातही.
साडेदहा वाजून गेले, उजेड खोटा झाला,
तरी तो मोजत होता.
एकशे बारांत एकही आंधळा नव्हता.

"बाणी," तो शेवटी म्हणाला.
"सगळ्यांचं बरोबर निवडलंत," मी म्हटलं.
"आणि रंग?"
"रंग तुमचा होता."

डबीवर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे: ज़हब.
सोनं.
तीच अक्षरं अरबीत 'गेला' असंही वाचतात,
पहिल्या वर्षी त्यानंच शिकवलं होतं.
त्यानं चिठ्ठीच्या कोपऱ्याला नख लावलं,
थोडं उचकटलं,
मग अंगठ्यानं दाबून परत चिकटवलं.